कोल्हापुरी चपला जर्मनीला पाठवायच्यात, प्लास्टिकशिवाय पॅकिंग कसं करू?

पायताण_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमचा घरचा चपलांचा धंदा आहे, आजोबांपासूनचा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, सगळं हातकाम. पूर्वी गावातल्या दुकानदारांनाच माल द्यायचो, आता तीन वर्षं झाली मी आणि मिसेस मिळून थेट बाहेर पाठवतोय. सुटे जोड कुरिअरनं जातात आणि वर्षातून दोन-तीनदा हॅम्बुर्गच्या एका दुकानदाराला दीड-दोनशे जोडांचा लॉट समुद्रानं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि इकडं एवढी चर्चा झाली, तेव्हापासून चौकशी वाढलीय, त्यामुळं आता हे पॅकिंगचं एकदा नीट लावून टाकायचंय.

आत्तापर्यंत असं करत होतो, प्रत्येक जोड पॉलिथिनच्या पिशवीत सील करायचा, मग चकचकीत लॅमिनेशनवाला छापील बॉक्स, त्यावर बबल रॅप, मग बाहेरचा मोठा बॉक्स आणि ब्राऊन टेप. हॅम्बुर्गवाला म्हणतो दुकानात गिऱ्हाईक बॉक्स उघडतं आणि हातानं केलेल्या चपलेबरोबर एवढं प्लास्टिक बघून तोंड वाकडं करतं. त्याचं बरोबर आहे, मलाही ते कधी पटलं नव्हतं, पण माल खराब होऊ नये म्हणून करत होतो.

आणि तरी माल खराब झालाच. गेल्या जुलैत पाठवलेल्या लॉटचे त्यानं फोटो पाठवले, ते बघून त्या दिवशी जेवण गेलं नाही. वेणीच्या खाली पांढरी भुकटी पसरल्यासारखी बुरशी, चपलेच्या बाजूच्या कानाच्या कडेला हिरवट, पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब. चाळीसच्या वर जोड गेले. एक-एक वेणी माझ्या आत्यानं घातलेली असते हो. त्यात एक गोष्ट लक्षात आली, पॅकिंगच्या दिवशी पॉलिथिन पिशव्या संपल्या म्हणून शेवटचे सहा जोड मिसेसनं मांजरपाटच्या थैल्यांत घातले होते, इचलकरंजीहून आणलेलं कापड घरात पडलं होतं त्याच्या. त्या सहांतले चार एकदम व्यवस्थित पोचले, दोनांवर थोडे ठिपके, पुसल्यावर गेले.

शिवाय सुट्या जोडांतल्या काहींच्या तळव्यावर काळे डाग आलेत, बुरशी नाही, शाई सांडल्यासारखे. ते कशामुळं कळत नाहीये.

आता बाजारात बायोडिग्रेडेबल म्हणून पिशव्या मिळतात त्या घेऊ का, का मधमाशीच्या पोळ्यासारखा तो जाळीचा कागद मिळतो तो, का कापडीच थैली सगळ्यांना. ज्यांनी खरंच बाहेर माल पाठवलाय त्यांनी सांगा प्लीज.

खोकेवाला

भावा मी शिरोलीच्या एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्स बनवतो, बावीस वर्षं झाली, तुझ्या काळ्या डागांचं आधी सांगतो कारण ते माझ्याच लाईनमधलं आहे. बॉक्सला तारेच्या पिना मारलेल्या आहेत ना? बघ जाऊन. हिरडा-बाभळीचं कातडं म्हणजे टॅनिन, आणि टॅनिनला लोखंड लागलं आणि थोडी ओल मिळाली की काळं पडणारच. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ती हीच. तू नकळत बॉक्समध्ये शाई करतोयस. खात्री करायची असेल तर कातड्याच्या तुकड्यावर ओली पिन रात्रभर ठेव, सकाळी काळं गोल दिसेल.

त्यामुळं पिनवाला बॉक्स बंद. चिकटवलेला घे किंवा त्यापेक्षा डाय पंच केलेला, म्हणजे साच्यानं कापलेला, सेल्फ लॉक बॉक्स घे, तो घडी घालून स्वतःत अडकतो, पिन नको आणि टेपही एका पट्टीपुरती. लॅमिनेशन काढून टाक. कागदावर प्लास्टिकची फिल्म चिकटली की रद्दीवाल्याला तो कागद म्हणून नीट वापरता येत नाही, इथं पण नाही आणि तिकडं पण नाही. साधा तपकिरी क्राफ्ट कागद घे. आपल्याकडचा बहुतेक क्राफ्ट रद्दीपासूनच बनतो, पिवळाजर्द गोल्डन दिसतो त्यात रंग घातलेला असतो, तो घ्यायची काही गरज नाही. त्यावर एकाच रंगात लाकडी ठशानं छाप मार, चपलेला शोभून दिसेल.

आता खरी गोष्ट, साईझ. तू बॉक्सात बॉक्स घालून पाठवतोयस. कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० नं भागतात, ते व्हॉल्युमेट्रिक वजन, आणि खरं वजन आणि हे यात जे जास्त त्याचे पैसे. तुझा बाहेरचा बॉक्स समज ४० बाय ३० बाय १८ असला तर ४.३२ किलो येतं, म्हणजे साडेचार किलोचं बिल, आत चप्पल पाऊण किलोची. तेच जोड एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याकडं करून, पट्टे एकमेकांत बसवून ठेवला तर ३१ बाय १३ बाय १० मध्ये मावतो, ते येतं ०.८. एक किलोचं बिल. तीन प्लाय बी फ्लूट, म्हणजे तीन थरांचा बारीक पन्हाळीचा पुठ्ठा, पुरे झाला, तोच आतला आणि तोच बाहेरचा, त्यालाच पत्ता चिकटव. चप्पल काही काचेची नाही, तिला बबल रॅप कशाला? चिरडली जाऊ नये एवढंच बघायचं, ते पन्हाळी कागद बघतो. त्या जाळीच्या कागदाचं पण तेच, बाटली नाहीतर मातीचं भांडं असतं तर मी स्वतः घे म्हणालो असतो.

वाडीतला

आमच्याकडं कोकणात हापूसच्या पेटीत पिढ्यान् पिढ्या भाताचा पेंढा घालतात, आंबा दबत नाही, गरम होत नाही, आणि काम झालं की गुरांपुढं टाकला की संपलं. याच्याइतकं नैसर्गिक काय आहे? कापडी थैली आणि भोवती सुका पेंढा, लाकडी पेटी. फॉरेनवाल्यांना तर हे बघून आवडेल.

न्हावाशेवा_क्लिअरिंग

वाडीतले दादा, मनापासून सांगतो, गावात आणि मुंबईपर्यंत पेंढा चांगलाच आहे पण परदेशी पार्सलमध्ये काडीसुद्धा घालू नका. पेंढ्यात कीड, बी, बुरशीचे बीजाणू असतात आणि शेतीच्या रोगांच्या भीतीनं बऱ्याच देशांत पॅकिंगला पेंढा-गवत चालतच नाही, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला तर अजिबात नाही. माल अडकतो, खर्च आपल्या डोक्यावर, आणि कधीकधी तर नष्टच करतात. नैसर्गिक आहे म्हणून चालेल असं पोर्टवर नसतं.

लाकडी पेटीचं पण तसंच. कच्च्या लाकडाचं खोकं किंवा पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) असेल तर आयएसपीएम १५ हा लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम लागतो, म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राहील असं तापवलेलं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का, आयएन कोड आणि एचटी ही अक्षरं. एमबी लिहिलेलं दिसलं तर ते मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, तो वायू ओझोनच्या थराला मारतो, पर्यावरणाचा विचार करून पॅकिंग करताय तर निदान ते टाळा, एचटीच मागा. प्लायवूडला हा नियम लागत नाही कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबातून जातं. पायताण भाऊ, तुम्ही एलसीएलनं, म्हणजे एकाच कंटेनरमध्ये इतरांच्या मालाबरोबर जागा वाटून, पाठवता, त्यामुळं तुमची खोकी कुणाच्या तरी पॅलेटवर चढतात, फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटला, विचारून घ्या शिक्का आहे का.

आणि बुरशीबद्दल. कंटेनरला घाम येतो हे लक्षात घ्या. दिवसा उन्हानं आतली हवा तापते, मालातली, पुठ्ठ्यातली, लाकडातली ओल हवेत येते, रात्री पत्रा गार पडला की तीच छतावरून थेंबाथेंबानं खाली पडते. त्यात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं २०२३ च्या शेवटापासून बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, दहा-पंधरा दिवस वाढले. जुलैत कोल्हापुरात पॅक करून तेवढे दिवस बंद पिशवीत म्हणजे तुम्ही कोल्हापूरचा पावसाळाच पिशवीत भरून पाठवला.

इसारकाठी

मी म्युनिकला राहते, अकरा वर्षं झाली, गिऱ्हाईक म्हणून लिहिते कारण आमच्या मंडळात दरवर्षी कुणी ना कुणी भारतातून चपला, फराळ, साड्या मागवत असतं. इथं घरात कचऱ्याचे तीन-चार डबे असतात, कागदाचा वेगळा, आणि जर्मनीत बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक-पत्र्याच्या पॅकिंगची पिवळी पिशवी, तर पार्सल उघडलं की माणूस आपोआप वेगळं करायला बसतो. सगळ्यात वैताग कशाचा येतो सांगू का, कागदाला आतून बबल चिकटवलेलं पाकीट, आणि पुठ्ठ्यावरून न निघणारी ती ब्राऊन टेप. कात्रीनं सोलत बसावं लागतं. पूर्ण कागद असेल तर घडी घालून सरळ कागदाच्या डब्यात, दहा सेकंदांचं काम.

त्या बायोडिग्रेडेबल पिशव्यांच्या नादी लागू नका. मक्यापासूनची म्हणजे पीएलएवाली पिशवी कुजायला कंपोस्टच्या कारखान्यात ५८-६० अंशांची उष्णता लागते, अंगणातल्या खड्ड्यात ती तशीच राहते. इथल्या कित्येक नगरपालिका तर ओल्या कचऱ्यात तसल्या पिशव्या टाकूच देत नाहीत, मशीन त्यांना साधं प्लास्टिक समजून बाजूला काढतं. आणि साध्याच प्लास्टिकमध्ये पावडर मिसळून लवकर तुकडे पडणारी केलेली जी असते, ऑक्सो म्हणतात तिला, ती युरोपात जुलै २०२१ पासून बंदच आहे. आपल्याकडं दोन्ही एकाच नावानं विकतात म्हणून सांगितलं.

अजून एक, हे महत्त्वाचं. जर्मनीत थेट घरच्या गिऱ्हाइकाला पार्सल पाठवत असाल तर पॅकिंगची नोंदणी लागते, लुसिड नावाचं रजिस्टर आहे, नोंदणी फुकट असते पण त्याबरोबर पॅकिंग गोळा करणाऱ्या एका सिस्टिमशी करार करून वजनाप्रमाणे पैसे भरायचे असतात. भारतात बसून विकणाऱ्यालाही ते लागू आहे. कागदाचा दर प्लास्टिकपेक्षा बराच कमी असतो, म्हणजे प्लास्टिक काढलंत तर तिथंही वाचेल. हॅम्बुर्गचा दुकानदार स्वतः आयात करतो तेव्हा जबाबदारी साधारण त्याची, तरी त्याला विचाराच. आणि नवा युरोपियन पॅकिंग कायदा १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू, त्यात पुढं २०३० पासून ऑनलाईन पार्सलच्या खोक्यात निम्म्यापेक्षा जास्त मोकळी जागा चालणार नाही, आणि त्यात भरलेला चुरगळलेला कागद, हवेच्या पिशव्या, फोम हे सगळं मोकळी जागाच धरतात. खोकेवाले काकांनी साईझचं सांगितलं ते म्हणूनही पटलं.

मांजरपाटच्या थैलीबद्दल माझं मत, द्या, पण पुन्हा वापरावीशी वाटेल अशी द्या. कापसाला पाणी काही थोडं लागत नाही, एकदा वापरून फेकली तर कागदच बरा. माझ्याकडं अशी एक नाडीची थैली आहे, प्रवासात चप्पल त्यातच घालून बॅगेत टाकते, चार वर्षं झाली. त्यावर मराठीत शिवलेलं गावाचं नाव आहे, इथल्या मैत्रिणी विचारतात हे काय लिहिलंय.

पायताण_कोल्हापूर

खोकेवाले काका, आत्ताच जाऊन बघून आलो, पिनाच आहेत आणि काळे डाग बरोबर पिनांच्या ओळीत आहेत! आजोबा शाईचं सांगायचे, डोक्यातच आलं नाही. इसारकाठी ताई, लुसिडचं मला माहीतच नव्हतं, खूप आभार.

पण एक अडकतंय. सुट्या पार्सलला कागद आणि थैली समजलं, विमानानं आठवड्यात पोचतंय. समुद्राच्या लॉटला पण सगळं कागदातच दिलं तर त्या घामाचं काय? कागद तर ओल पिणार. इथं एकानं बुरशी न येण्याच्या पुड्या दिल्यात, लहान लहान, चपलेत टाकायच्या, त्या घालू का?

द्राक्षवाला_पिंपळगाव

थांबा, त्या पुड्यांवर काय लिहिलंय? काहीच लिहिलेलं नसेल तर हात पण लावू नका. डायमिथिल फ्युमरेट नावाचं औषध तसल्या पुड्यांत घालायचे, त्यानं युरोपात लोकांच्या अंगाला, पायाला भाजल्यासारखे फोड आले होते, सोफा आणि बुटांमुळं, म्हणून २००९ मध्ये त्यांनी बंदी घातली. चपलेत सापडलं तर अख्खा माल परत. सिलिका जेल घ्यायचं असेल तर निळे दाणेवालं नको, त्यात कोबाल्ट क्लोराईड असतं, पांढरं घ्या नाहीतर बेंटोनाईट मातीवालं, कागदी पुडीतलं. कॅल्शियम क्लोराईडवालं ओल पिऊन पिऊन स्वतः पाणी होतं, पुडी फुटली तर खारं पाणी कातड्यावर, ते पण नको.

मी द्राक्षं पाठवतो नेदरलँडला. आमचं सगळं ओलीचंच गणित असतं, फक्त तुमच्या उलटं. आम्हाला द्राक्ष सुकू द्यायचं नसतं आणि पेटीत पाणी पण साचू द्यायचं नसतं, म्हणून लायनरला, म्हणजे पेटीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, भोकं असतात. पण पहिला धडा एकच आहे, पॅकिंगच्या आधी मालाची अवस्था. आम्ही द्राक्ष प्री-कूल, म्हणजे आधी थंड, न करता पेटी भरली तर जगातलं कुठलंही लायनर तिला वाचवू शकत नाही. तुमचं कातडं पॅक करताना ओलं होतं, तेल लावून लगेच भरलं असणार किंवा जुलैच्या हवेत टांगलं असणार. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला फावतं, आणि तुमच्याकडं पावसाळ्यात तो ८५-९० असतो. एक खोली बंद करा, हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर भाड्यानं मिळाला तर बघा, भिंतीवर दमटपणा मोजणारा चार-पाचशे रुपयांचा हायग्रोमीटर लावा, आकडा ६० च्या खाली असेल तिथं जोड आठ दिवस ठेवा. उन्हात नको, कातडं तडकतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पुठ्ठ्याचे बॉक्स पण त्याच खोलीत ठेवा, ते बाहेर ओल पिऊन बसले तर तीच ओल आत सोडतात.

आणि आता जरा न आवडणारं बोलतो. समुद्राच्या लॉटला प्लास्टिक पूर्ण शून्य करू नका. दोनशे जोडांना दोनशे पिशव्या सोडा, पण वीस जोडांच्या मास्टर कार्टनला, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोक्याला, आतून एकच जाड साधं एलडीपीई प्लास्टिकचं लायनर द्या, त्यात सुके जोड आपापल्या कागदी बॉक्ससकट, थोड्या मातीच्या पुड्या, आणि तोंड नीट बंद. पुड्या उघड्या कागदी खोक्यात घातल्या तर त्या बाहेरच्या हवेतलीच ओल पीत बसतात आणि दोन दिवसांत भरून जातात, त्यांना बंद जागाच लागते. दहा लायनर झाली दोनशेच्या जागी, ती पण एकाच जातीच्या प्लास्टिकची, न फाटलेली, तो दुकानदार पुन्हा वापरू शकतो. चाळीस जोड बुरशीनं फेकून द्यायचे म्हणजे कातडं, साल, हिरडा, तुमच्या आत्याचे दिवस, आणि जहाजाचं तेल, सगळंच फेकलं. त्यापुढं एका लायनरचं वजन काय आहे?

वाडीतला

न्हावाशेवा दादा, पेंढ्याचं सांगितलंत ते बरं झालं. माझा मेहुणा नारळाच्या करवंट्यांचे दिवे दुबईला पाठवायचं म्हणत होता, पेंढ्यातच भरणार होता. त्याला हे दाखवतो.

खोकेवाला

द्राक्षवाल्यांचं एकदम बरोबर आहे, मी बॉक्स विकतो तरी सांगतो. पुठ्ठा दमट हवेत निम्म्याच्या आसपास ताकद घालवतो, वर थर रचले की खालचा बसतो. म्हणून मास्टर कार्टन पाच प्लायचा घ्या आणि खोलीत पण जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. टेपसाठी कागदी गमटेप मिळते, पाणी लावलं की चिकटते, स्टार्चचा गोंद असतो, पुठ्ठ्याला अशी धरते की काढायला गेलं तर पुठ्ठाच फाटतो, कुणी मधेच उघडलं तर लगेच कळतं. डब्यात टाकताना सोलायची पण गरज नाही, म्हणजे इसारकाठी ताईंची कात्री वाचली. आतून धागा घातलेली घेऊ नका, लहान पार्सलला साधी पुरते.

वर्तमानपत्र गुंडाळू नका, हिरड्याच्या कातड्यावर शाई उतरते. कोरा न्यूजप्रिंट किलोवर मिळतो, एक तुकडा पट्ट्याखाली, एवढंच.

पायताण_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुडीवर काहीच लिहिलेलं नाही, सगळ्या बाजूला काढल्या. घरी बोललो, असं ठरलंय की जून ते सप्टेंबर समुद्राचा लॉट पाठवायचाच नाही, हॅम्बुर्गवाल्याला मे मध्येच जास्त माल देऊन ठेवायचा, त्याला पण उन्हाळ्यातच विक्री असते. मागची कोठीची खोली रिकामी करतोय, हायग्रोमीटर ऑर्डर केला. सुटे जोड कोरा कागद, थैली आणि छोटा बॉक्स. समुद्राला लायनर, दर वीस जोडांना एक, आणि त्याच्यावरच चिठ्ठी लावणार की हे परत वापरा. थैली शिवायचं आत्या म्हणाली मीच करते, नाडीला गोंडा पण लावते म्हणाली, चपलेला लावतो तसलाच.

काका, शिरोलीला कधी येऊ? डायसाठी जोड घेऊन येतो.

खोकेवाला

सोमवार सोडून कधीपण ये, सोमवारी लाईट नसते. सगळ्यात मोठा नंबर आण, ११ नंबरचा, आणि एक कापशी प्रकारच्या चपलेचा पण आण, तिचे कान रुंद असतात, त्यावरून रुंदी धरायला लागेल. आणि गोंडेवाली थैली आण, थैलीसकट माप घेऊ.